सिझर ठरलंय, दवाखाना कुठला?

आम्ही आंजर्ल्याच्या एका बचत गटातल्या बायका बोलतोय. आजचा विषय बाळंतपणाचा आहे, आणि हिशेबाचाही आहे. डॉक्टरांनी आधीच सांगितलंय की सिझर करावं लागेल. मग सरकारी रुग्णालयात जायचं की खासगी दवाखान्यात? आमच्या गटापुढे हा प्रश्न कर्जाच्या अर्जातून आला. तो आम्ही कसा सोडवला, तेवढं सांगतो.

गेल्या ज्येष्ठातली गोष्ट. महिन्याची बैठक चालली होती. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, आणि वाडीतली एक सूनबाई उभी राहिली. आठवा महिना लागत आलेला. पहिलं बाळंतपण सिझरचं, साडेतीन वर्षांपूर्वीचं. या वेळीही सिझरच सांगितलेलं, दिवस श्रावणात भरत होते. तिला गटाकडून 60,000 रुपये हवे होते. खासगी दवाखान्यात 55,000 सांगितले होते, आणि 5,000 वरखर्चाला. नवरा मुंबईला हॉटेलात कामाला. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पैसे वाचवायला सून सरकारीत टाकली, असं लोकांनी म्हणायला नको गो."

गटाच्या खात्यात तेव्हा 71,000 रुपये होते. लावणीच्या मजुरीसाठी दोघींचे अर्ज आधीच आलेले. तिला 60,000 दिले तर त्या दोघींना काय द्यायचं? आणि नाही म्हटलं आणि उद्या काही कमीजास्त झालं, तर तोंड कसं दाखवायचं? बराच वेळ कोणी बोलेना.

मग जुन्या दोन गोष्टी निघाल्या. गटातल्या एकीच्या भावजयीचं सिझर खासगीत झालं. ठरलेला आकडा 40,000 होता. बाळाला जन्मल्यावर श्वास घ्यायला त्रास झाला आणि तिथे बाळाला ठेवायची सोय नव्हती. बाळ दुसऱ्या गावी हलवावं लागलं, आई इकडे, बाळ तिकडे. तिकडचं बिल वेगळं, गाडीचं वेगळं. गळ्यातलं गहाण पडलं, ते सुटायला दोन वर्षं लागली. बाळ वाचलं, हे महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट आमच्यातल्याच एकीच्या लेकीची. ती तालुक्याबाहेर सासरी. सरकारी रुग्णालयात सिझरची तारीख मिळाली, उपाशीपोटी दाखल झाली, आणि त्या दिवशी भूल देणारे डॉक्टर रजेवर. पुढच्या रुग्णालयात जा म्हणाले. रात्री गाडी मिळेपर्यंत आईच्या तोंडचं पाणी पळालं.

म्हणजे खासगीत पैसे मोजूनही अडलं, आणि सरकारीत पैसे वाचवूनही अडलं. दोन्हीकडे एकच चूक झाली होती. काय आहे आणि काय नाही, हे कोणी आधी विचारलंच नव्हतं. म्हणून आम्ही त्या दिवशी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. गटातल्या दोघींनी सूनबाईसोबत जायचं, दोन्हीकडे तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं वहीत लिहायची, असं ठरलं. अचानक करायच्या सिझरमध्ये विचारायला वेळ नसतो. ठरवून करायच्या सिझरमध्ये तो असतो. आमच्या हातात महिना-दीड महिना होता.

पहिला प्रश्न आम्ही दवाखान्याचा विचारला नाही. सिझर का हवं, ते आधी विचारलं. बाळ आडवं आहे, पायाळू आहे, वार खाली गर्भपिशवीच्या तोंडावर आहे, आधी सिझर झालेलं आहे, अशी कारणं असतात. ती सगळ्यांना सारखी लागू होत नाहीत. 2019 ते 2021 या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात देशभरात सरकारी रुग्णालयांत 100 बाळंतपणांपैकी साधारण 14 सिझरची होती, आणि खासगीत 47. यावरून खासगीतला प्रत्येक डॉक्टर पैशासाठी सिझर करतो, असा अर्थ काढू नका. काही घरं स्वतःच मुहूर्त काढून सिझर मागतात. पण 14 आणि 47 यांतलं अंतर एवढं आहे, की कारण विचारायला आपण लाजू नये. "डॉक्टर, कारण कागदावर लिहून द्या," एवढंच म्हणायचं.

एकदा सिझर झालं म्हणजे पुढचंही सिझरच, असं नेहमी नसतं. काहीजणींचं नंतर नीट साधं बाळंतपण होतं. पण पोटातला जुना टाका उसवायचा धोका असतो. म्हणून तसा प्रयत्न जिथे लगेच ऑपरेशन करता येईल अशाच ठिकाणी करायचा. घरी किंवा उपकेंद्रात तो धाडसाने करायचा नाही. आमच्या सूनबाईचं पहिल्या वेळी कळा देऊनही बाळ खाली सरकलं नव्हतं, आणि या वेळचं बाळ अंगाने मोठं दिसत होतं. दुसरं मत घ्यायला पैसे लागले नाहीत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान 2016 पासून चालू आहे. त्यात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. तिथल्या डॉक्टरांनीही सिझरच सांगितलं. तो प्रश्न मिटला.

आता दवाखान्याचे प्रश्न. हे पाच आहेत. हाताच्या पाच बोटांवर मोजा, म्हणजे विसरणार नाहीत.

अंगठा म्हणजे ऑपरेशन करणारे स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या दिवशी ते स्वतः असणार आहेत का? तारखेच्या आधीच मध्यरात्री कळा सुरू झाल्या तर कोण येणार? खासगीत आपल्याला नऊ महिने तपासणारेच डॉक्टर बहुधा ऑपरेशन करतात, हा मोठा दिलासा असतो. सरकारीत डॉक्टर बदलू शकतात, म्हणून आपली फाईल आणि माता व बाल संरक्षण कार्ड चोख हवं.

दुसरं बोट म्हणजे भूलतज्ज्ञ. ठरवलेल्या सिझरला बहुतेक वेळा पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. आई जागी असते, बाळाचं रडणं ऐकते. हे काम भूलतज्ज्ञाचं. लहान गावांत एकच भूलतज्ज्ञ चार दवाखाने सांभाळतात, सरकारीही आणि खासगीही. म्हणून दोन्हीकडे विचारा की ते कुठल्या वारी येतात, आणि ऑपरेशन झाल्यावर किती वेळ थांबतात.

मधलं बोट म्हणजे रक्त. दवाखान्यात रक्त साठवायची सोय आहे का? नसेल तर रक्तपेढी किती लांब आहे, आणि रक्त आणायला कोण जाणार? ज्यांची वार खाली आहे, आणि त्यातही जुन्या सिझरच्या टाक्यावर आहे, त्यांना रक्तस्रावाचा धोका फार मोठा. त्यांनी खासगी-सरकारी हा विचारच बाजूला ठेवावा आणि जिथे रक्तपेढी आणि मोठे डॉक्टर दोन्ही आहेत तिथेच जावं. सोनोग्राफीच्या कागदावर वार कुठे आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. आणि आपल्या अंगातलं रक्तही पाहा. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणतात. लोहाच्या गोळ्या डब्यात पडून राहिल्या तर ऑपरेशनच्या दिवशी त्या उपयोगी पडत नाहीत.

अनामिका म्हणजे बाळाचे डॉक्टर. बाळ रडलं नाही, श्वास नीट घेतला नाही, तर त्या घटकेला ते बघायला कोण आहे? बाळाला पेटीत ठेवायची सोय तिथेच आहे की हलवावं लागेल? भावजयीच्या बाबतीत हेच विचारायचं राहिलं होतं. इथे मुहूर्ताचंही सांगतो. दुसरी काही अडचण नसेल तर ठरवलेलं सिझर 39 आठवडे पूर्ण झाल्यावर करतात. त्याआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास व्हायची शक्यता जास्त असते. पंचांगातला दिवस चांगला निघाला म्हणून दोन आठवडे अलीकडे ओढू नका.

करंगळी म्हणजे पुढची वाट. इथे जमलं नाही तर कुठे पाठवणार, आणि कुठल्या गाडीने? आपल्या बाजूला दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे, खेडजवळ कळंबणीला आहे, चिपळूणजवळ कामथ्याला आहे, आणि शेवटी रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय. तातडीला 108 ची गाडी, बाळंतिणीला नेण्या-आणण्याला 102 ची. हे दोन्ही क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ हवेत, सासऱ्यांनासुद्धा.

पाच बोटं झाली. पैसा आपण तळहातावर ठेवूया.

सरकारीत काय फुकट आहे ते नीट कळलं पाहिजे, कारण कागदावरचा हक्क मागितल्याशिवाय हातात येत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 1 जून 2011 ला सुरू झाला. त्यानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत, आणि सिझरही मोफत. औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, हे सगळं मोफत. जेवण साध्या बाळंतपणाला 3 दिवस आणि सिझरला 7 दिवस. घरून रुग्णालयात न्यायची, गरज पडली तर पुढच्या रुग्णालयात न्यायची आणि घरी सोडायची गाडी मोफत. बाळ वर्षाचं होईपर्यंत आजारी पडलं तर तो उपचारही मोफत. "बाहेरून औषध आणा" असं कोणी म्हटलं, तर शांतपणे या कार्यक्रमाचं नाव घ्या आणि आशाताईला सोबत ठेवा.

खासगीत आकडा विचारताना एकच आकडा ऐकून उठू नका. त्यात काय धरलंय ते विचारा. भूलतज्ज्ञाची फी? बाळाच्या डॉक्टरांची फी? औषधं आणि टाक्यांचं सामान? खोलीचे किती दिवस? रक्त? बाळाला पेटीत ठेवलं तर दिवसाला किती? आम्ही विचारलं तेव्हा 55,000 मध्ये बाळाचे डॉक्टर आणि औषधं धरलेली नव्हती. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. विचारल्यावर सगळं सांगितलं. आम्हीच आधी विचारलं नव्हतं. 2021 साली राज्यात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचे नियम बदलले. त्यानुसार खासगी दवाखान्यात दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद लावलेली असली पाहिजे. आत गेल्यावर भिंतीकडे बघा. आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

मधली वाटही असते. सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय धर्मादाय विश्वस्त संस्थेचं आहे. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तो आठव्या महिन्यातच काढून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचंही तसंच. तुमचं ऑपरेशन त्या दवाखान्यात योजनेत बसतं की नाही, हे दाखल व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

मुंबईचा विषय आमच्याकडे निघतोच. परळचं वाडिया प्रसूतिगृह 1926 सालचं. गिरणगावात राहिलेल्या आपल्या आज्या-आत्या त्याचं नाव अजून काढतात. नवरा मुंबईत असेल आणि तिकडे सांभाळणारं माणूस असेल, तर तिकडे जाण्यात काही वावगं नाही. पण जायचं ते वेळेवर, नाव नोंदवून. नववा भरत आल्यावर रात्रीच्या गाडीने नव्हे.

आता आमच्या वहीतली उत्तरं. आम्ही दोन दिवसांत तीन दवाखाने पाहिले. नावं सांगत नाही, कारण एखादे डॉक्टर बदलले की उत्तरंही बदलतात. आज आमचं ऐकून तुम्ही जाल आणि तिथे वेगळंच असेल. प्रश्न मात्र तेच राहतील, ते तुम्ही स्वतः विचारा.

सूनबाईची वार वर होती, हिमोग्लोबिन 11.2 होतं, बीपी-साखर ठीक होती. सरकारीत स्त्रीरोगतज्ज्ञ होते, भूलतज्ज्ञ ठरलेल्या वारी होते, बाळाचे डॉक्टर होते, आणि पुढे कुठे पाठवतील हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पाचही बोटांना उत्तर मिळालं. खासगीतही चार बोटांना चांगलं उत्तर मिळालं, पण बाळाला जास्त त्रास झाला तर हलवावं लागेल असं डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. खोली मात्र तिथे स्वतंत्र, जवळ दोन माणसं राहू शकतील अशी. सरकारीत एका दालनात अनेक खाटा असतात, जवळ एकच बाईमाणूस, गर्दी असते, कधी कोणी तुटक बोलतं. हे गैरसोयीचं आहेच. गैरसोय आणि धोका मात्र वेगळे असतात, तेवढं आम्ही सासूबाईंना सांगितलं.

त्या ऐकून घेत होत्या. मग त्यांनी एकच विचारलं, "बाळाचे डॉक्टर कुठं आहेत म्हणालात?" त्यांचा निर्णय तिथे झाला. सरकारीत जायचं ठरलं.

गटाने काय केलं? 60,000 ऐवजी 15,000 मंजूर केले, तेही राखीव म्हणून. पुढे पाठवायची वेळ आली, एखादी तपासणी बाहेर करावी लागली, तर हाताशी असावेत. लावणीच्या दोन्ही अर्जांनाही पैसे पुरले.

पावसाचाही विचार केला. खाडीवर पूल नव्हता तेव्हा आमच्या सासवा अडलेल्या बाईला तरीतून पलीकडे नेत. आता पूल आहे, पण 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आपण विसरलेलो नाही. हर्णै, आंजर्लं, केळशी सगळीकडे झाडं आडवी, रस्ते बंद, वीज नाही, फोन नाही. त्या दिवसांत कुणाला कळा लागल्या असत्या तर? म्हणून तारखेच्या आधी दोन दिवस सूनबाई रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे जाऊन राहिली. धाकट्या दिरासह रक्त द्यायला तयार असलेल्या तिघांची नावं आणि फोन वहीत लिहून ठेवले. पिशवी भरून ठेवली. तिच्यात कार्ड, सोनोग्राफीचे कागद, आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, जुने मऊ कपडे, चादर होती. आदल्या रात्री जेवण लवकर, आणि नंतर डॉक्टर सांगतील तसं उपाशी राहायचं. "थोडा चहा-बटर चालेल" असं म्हणणाऱ्या मावशीचं ऐकायचं नाही.

ठरल्या दिवशी सिझर झालं. मुलगी झाली. सूनबाईने टेबलावरच तिचं रडणं ऐकलं, आणि तासाभरात बाळ छातीशी लावलं. सिझर झालं तरी पहिल्या तासात अंगावर पाजता येतं, वरचं दूध, मध, गूळपाणी काही लागत नाही. तिला घरी सोडेपर्यंत येणं-जाणं, सोबतच्या बाईचं जेवण, चहा आणि बाळाचे कपडे मिळून 3,400 रुपये खर्च झाला. उरलेले 11,600 तिने पुढच्या बैठकीत परत दिले. दुसरं अपत्य मुलगी असली, तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून अटींप्रमाणे 6,000 रुपये मिळतात. तो अर्ज आशाताईंनी भरून घेतला. सासूबाईंना हे कळलं तेव्हा म्हणाल्या, "मुलगी झाली म्हणून सरकार पैसे देतं, आणि आम्ही बारशाला हात आखडता घ्यायचा?" बारसं झालं, आम्ही सगळ्या जेवलो.

पण मैत्रिणींनो, यावरून सरकारीच चांगलं असं म्हणत घरी जाऊ नका. भाद्रपदात गटातल्या दुसऱ्या एकीच्या सुनेचं सिझर होतं. तेच पाच प्रश्न विचारले. त्या आठवड्यात सरकारीत भूलतज्ज्ञ नव्हते, आणि बाळ आडवं असल्याने थांबायला वाव नव्हता. ती खासगीत गेली. पूर्ण आकडा आधी लिहून घेतला होता, म्हणून बिल बघून कोणी दचकलं नाही. गटाने 30,000 दिले. तेही बरोबरच होतं.

घरी आल्यावर सिझर संपत नाही. ते पोटाचं मोठं ऑपरेशन आहे. ताप, टाक्यातून पू किंवा घाण वास, जास्त रक्तस्राव, एका पोटरीला सूज आणि दुखणं, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी दवाखाना गाठा. हंडा, पाट्यावरचं वाटण, लाकडाची मोळी निदान दीड-दोन महिने नको. आणि पुढच्या खेपेला पाळणा लवकर हलू नये, टाक्याला सुकायला वेळ मिळावा, म्हणून तांबी किंवा इतर साधनांविषयी रुग्णालयातच विचारून या.

आमच्या गटाने आता एक नियम केलाय. बाळंतपणाच्या कर्जाचा अर्ज आला की आधी पाच बोटांची उत्तरं वहीत लिहायची, मग रक्कम ठरवायची. गटातली एक बाई सोबत जाणार, तिच्या एसटीचं भाडं गट देणार. आणि 10,000 रुपये कायम राखीव ठेवायचे, ते कोणत्याही दुसऱ्या कामाला काढायचे नाहीत. तुमच्या गटातही कुणाचा सातवा-आठवा लागला असेल. पुढच्या बैठकीत तिला जवळ बसवा आणि पाच बोटं मोजून दाखवा.

येतो आम्ही. नमस्कार.